माग चालू आहे

दुपारचे अडीच. साखर पेठेत
कुत्रंसुद्धा शटरच्या सावलीत.
माझ्या दुकानातला पंखा
तीच गरम हवा इकडून तिकडं ढकलतोय,
आणि बालामणी कोंगारी काउंटरवर फोन ठेवते,
पदरानं पुसून, वजनकाट्यावर ठेवावा तसा.

"तोंड दिसलं तर आवाज जाईना.
आवाज गेला तर तोंड थिजतंय.
पुष्पलताला वाटालंय
मी माग विकला."

मी नेहमीचंच विचारतो.
बंद करून चालू केला होता का?
केला. तीनदा.
वायफाय?
शेजारच्या येमुलांचं, भिंतीतून येईल तेवढं.
कव्हर काढून बघितलं?
कव्हर तिनं मस्कतहून पाठवलंय. ते निघणार नाही.

टॉर्च मारून खालचं भोक बघतो,
टाचणीच्या टोकाएवढं.
आत कापूस.
ह्या गावात अर्ध्या फोनांतून कापूस निघतो,
उरलेल्यांतून तंबाखू.
ब्रशनं ओढून काढला, तळहातावर ठेवला.
ती बराच वेळ बघत राहिली.
"एवढ्यानं माझं तोंड बंद केलतं व्हय?"

वीस रुपये देऊन गेली.
दुसऱ्या दिवशी परत.
"माझा आवाज जातोय. मागाचा जाईना.
ती म्हणते, अम्मा, खोटं नको बोलू,
एवढी शांतता आपल्या घरात कधी होती?
पैसे पाठवलेत तिनं. मी मागितले नव्हते."

शेवटचं वाक्य
ती काउंटरकडं बघून बोलली.

मग शटर अर्धं ओढून मी घोंगडे वस्तीत गेलो.
माग चालू होता. म्हणजे असा चालू
की मी "पाणी द्या" म्हटलं
आणि तिनं स्टूल आणून दिलं.
चपलेतून जमीन थरथरत पायात येत होती.
फोन लावला. पुष्पलता आली,
ड्युटीचे कपडे, मागं पांढरी भिंत.
बालामणीनं फोन मागाकडं फिरवला,
घे, बघ,
आणि येमुलांच्या वायफायनं नेमका तेव्हाच दम सोडला.
धोटा मधोमध अडकला, हवेत.
तिकडून बघणाऱ्याला
बंद पडलेला मागच तो.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.
ह्या फोनला खडखड म्हणजे कचरा वाटतो.
माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो, बाकी गाळून टाकतो.
सेटिंगमध्ये आत, त्याच्या आत, आणखी आत
एक बारकं बटण असतं:
गोंगाट कमी करा.
कुठल्यातरी गार खोलीत बसून
कुणीतरी ठरवलं असणार
गोंगाट कशाला म्हणायचं ते.

मी बटण बंद केलं.
कॅमेराही बंद केला,
एवढ्या रेंजमध्ये दोन्ही मावत नाही,
एकच काहीतरी जाऊ दे.
फोन मागाजवळच्या कोनाड्यात
कांड्यांच्या टोपलीला टेकवून ठेवला
आणि आम्ही दोघं बाजूला झालो,
फोटो काढताना होतात तसं.

स्क्रीनवर नुसतं नाव. खाली सेकंद पळत होते.
चाळीस. पन्नास.
तिकडून काहीच नाही.
मला वाटलं, कट झाला.
सवयीनं मी हात पुढं केला,
बालामणीनं माझं मनगट धरलं.

दोन मिनिटं अकरा सेकंद.

मग पुष्पलताचा आवाज आला,
बसका, पण एकदम कामाचा:
"अम्मा, डावीकडचा पट्टा ढिला झालाय.
कधीपासून?"

"परवापासून," बालामणी ओरडली,
फोन माझ्या हातात कोंबला
आणि पाना शोधायला गेली.